अकरा वर्षांचे मंत्रिमंडळ

मलबार हिलवरचा 'वर्षा' बंगला महाराष्ट्रात शाळकरी मुलालाही ऐकून माहीत असतो. हा बंगला मुळात मुख्यमंत्र्यांसाठी राखलेला नव्हता. १९५६ च्या नोव्हेंबरात द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले, विदर्भ त्याला जोडला गेला, आणि पुसदचे वसंतराव नाईक यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळात सहकारमंत्री म्हणून मुंबईत आले. त्यांना मिळालेल्या बंगल्याचे नाव होते 'डग बीगन'. शेतीत रमणाऱ्या आणि पावसाची ओढ असणाऱ्या या माणसाने ते बदलून 'वर्षा' केले. पुढे सात वर्षांनी ते मुख्यमंत्री झाले. मुख्यमंत्र्यांचे घर तेव्हा 'सह्याद्री' होते, पण नाईक तिकडे राहायला गेले नाहीत. मंत्री असताना ज्या घरात होते त्याच घरातून त्यांनी राज्य चालवले, आणि त्यांच्यानंतर 'वर्षा' हेच मुख्यमंत्र्यांचे घर ठरले.

या प्रस्तावनेचा विषय नाईकांचे चरित्र नाही. त्यांच्याभोवती अकरा वर्षे जे मंत्रिमंडळ उभे राहिले, बदलत गेले, कुरकुरत राहिले आणि तरी मोडले नाही, ते इथे समजून घ्यायचे आहे. ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५ एवढा काळ महाराष्ट्रात सलग मुख्यमंत्री राहिलेला दुसरा माणूस नाही. त्यांच्यानंतर पाच वर्षांची पूर्ण मुदत सलग भोगणारा मुख्यमंत्री पाहायला राज्याला २०१९ साल उजाडण्याची वाट पाहावी लागली. मधल्या चाळीसेक वर्षांत मुख्यमंत्री येत राहिले आणि जात राहिले, काही जण दोनदा-तीनदा परत आले. मग नाईकांच्याच वाट्याला एवढी स्थिरता कशी आली? स्वभाव, नशीब, दिल्लीतला आधार अशी उत्तरे नेहमी दिली जातात, आणि त्यांत तथ्यही आहे. पण खरे उत्तर त्यांच्या मंत्र्यांच्या यादीत दडलेले आहे, आणि ती यादी आजवर पुरेशा गांभीर्याने वाचली गेलेली नाही.

वाचन सुरू करायचे ते १९६३ च्या अखेरीपासून. महाराष्ट्राचे राज्य जेमतेम साडेतीन वर्षांचे होते. चीनच्या आक्रमणानंतर यशवंतराव चव्हाण १९६२ च्या नोव्हेंबरात संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले. त्यांच्या जागी चंद्रपूरचे मारोतराव कन्नमवार आले आणि वर्ष झाले न झाले तोच, २४ नोव्हेंबर १९६३ रोजी, पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. दहा दिवस कोकणचे बाळासाहेब सावंत, म्हणजे परशुराम कृष्णाजी सावंत, यांनी हंगामी मुख्यमंत्री म्हणून कारभार पाहिला. मग नाईकांची निवड झाली. कन्नमवार विदर्भाचे, नाईकही विदर्भाचे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यानंतर विदर्भाला या राज्यात आपलेपण वाटावे, हा १९५३ च्या नागपूर कराराचा गाभा होता, आणि यशवंतरावांना त्याची जाण होती.

नाईक बंजारा समाजातले. पश्चिम महाराष्ट्रातल्या सहकाराच्या आणि मराठा नेतृत्वाच्या बळाशी संख्येने तुल्यबळ ठरेल असा जातीचा आधार त्यांना नव्हता, आणि विदर्भातही सगळा पक्ष त्यांच्या मुठीत होता असे नव्हे. राजकारणात ही उणीव मानली जाते. नाईकांच्या बाबतीत तीच त्यांचे बळ ठरली. ज्याच्यापासून कोणालाच भीती नाही, अशा माणसाच्या हाताखाली काम करायला मातब्बर माणसे तयार होतात. बाळासाहेब सावंत दहा दिवस मुख्यमंत्री होते, तरी नाईकांच्या मंत्रिमंडळात शेतीखाते सांभाळायला त्यांना कमीपणा वाटला नाही.

आणि मातब्बर माणसांची त्या मंत्रिमंडळात वाण नव्हती. पाटणचे बाळासाहेब देसाई घ्या. यशवंतरावांच्या काळात शिक्षणमंत्री असताना गरीब मुलांच्या फीमाफीची सवलत त्यांनी राबवली होती, आणि खेड्यापाड्यांतल्या हजारो घरांत 'ईबीसी' हा शब्द त्यांच्या नावासह पोचला होता. नाईकांकडे त्यांनी गृह आणि महसूल अशी वजनदार खाती सांभाळली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, तो त्यांच्याच पाटण तालुक्यात. मंत्री म्हणजे सरकार, आणि सरकार म्हणजे आपल्या खोऱ्यातला माणूस, हे समीकरण त्या थंडीत उघड्यावर पडलेल्या लोकांनी जवळून पाहिले. देसाई मुख्यमंत्रिपदाला लायक होते असे मानणारे त्यांच्या भागात तेव्हाही पुष्कळ होते आणि आजही आहेत.

शंकरराव चव्हाण वेगळ्या घडणीचे. शिस्त, वक्तशीरपणा, फायलीचा शब्दन् शब्द वाचण्याची सवय यामुळे त्यांना 'हेडमास्तर' म्हणत. १९६० पासून पाटबंधारे आणि वीज खात्यावर त्यांची पकड होती. नांदेडच्या नगराध्यक्षपदापासून वर आलेल्या या माणसाने मराठवाड्यासाठी एकच ध्यास घेतला होता, तो गोदावरीच्या पाण्याचा. जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, तेव्हा शंकरराव खात्याचे मंत्री होते. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी धरण राष्ट्राला अर्पण केले, तेव्हा ते मुख्यमंत्री होते. एका मंत्र्याला एक खाते दीर्घकाळ देऊन त्याच्यावर विश्वास टाकला तर काय घडते, याचे याहून ठळक उदाहरण त्या काळात सापडत नाही. आज मंत्र्याला खात्याची नस कळू लागते तोवर फेरबदलाची चर्चा सुरू झालेली असते.

अर्थखाते बॅरिस्टर शेषराव वानखेडे यांच्याकडे होते. मुंबईतल्या स्टेडियममुळे त्यांचे नाव क्रिकेटशी कायमचे जोडले गेले आहे, त्यामुळे त्यांनी राज्याच्या तिजोरीची किल्ली वर्षानुवर्षे सांभाळली हे विसरले जाते. तेही विदर्भाचेच, नागपूर जिल्ह्यातून निवडून येणारे. १९७२ साली ते विधानसभेचे अध्यक्ष झाले. पानशेतच्या पुरानंतर पुण्याची घडी बसवणारे स. गो. बर्वे हे सनदी सेवेचा राजीनामा देऊन राजकारणात आले होते, आणि नाईकांच्या सुरुवातीच्या मंत्रिमंडळात त्यांच्यासारखा तज्ज्ञही होता. शेतकरी कामगार पक्षातून काँग्रेसमध्ये आलेले रेठऱ्याचे यशवंतराव मोहिते होते. त्यांच्या समाजवादी आग्रहाचा ठसा पुढे कापसाच्या एकाधिकार खरेदी योजनेवर उमटला. वाळव्याचे राजारामबापू पाटील होते, वसईचे भाऊसाहेब वर्तक होते.

मुंबई हा त्या यादीचा स्वतंत्र कप्पा होता. शहरातल्या गुजराती, पारशी आणि मुस्लिम मतदारांना सरकारात आपला माणूस दिसावा लागे. पण नाईकांनी तिथे शोभेची बाहुली बसवली नाही. आरोग्य आणि न्याय खाती सांभाळणारे शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र सरकारने १९६४ मध्ये गर्भपाताच्या कायद्याचा विचार करणारी समिती नेमली. तिच्या अहवालावरून १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला. देशातल्या कोट्यवधी स्त्रियांच्या आयुष्याशी निगडित असलेल्या कायद्याची वाट महाराष्ट्राच्या एका मंत्र्याच्या टेबलावरून गेली, ही गोष्ट राजकारणाच्या गप्पांत कधी निघत नाही. होमी तल्यारखान होते. रफिक झकेरिया तर मुंबईचे असूनही औरंगाबादहून निवडून येत. ते नगरविकास खात्याचे मंत्री असताना १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईचा आराखडा हाती घेतला गेला. औरंगाबाद शहराचा कायापालटही त्याच काळातला.

एवढी वेगवेगळ्या मुशीतली माणसे एका टेबलाभोवती बसत होती, ती कोणत्या रस्त्याने तिथपर्यंत आली हे पाहिले म्हणजे नाईकांच्या मंत्रिमंडळाचा पाया कळतो.

१९६० मध्ये, नाईक महसूलमंत्री असताना, त्यांच्याच अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली होती. लोकशाही विकेंद्रीकरण कसे करावे हे तिने सुचवायचे होते. १९६१ च्या मार्चमध्ये अहवाल आला, त्याच वर्षी कायदा झाला, आणि १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. इतर राज्यांत बलवंतराय मेहता समितीच्या शिफारशींनुसार तालुक्याच्या पातळीला जास्त महत्त्व दिले जात होते. नाईक समितीने जिल्हा हा कणा मानला. याचा परिणाम सगळ्या राज्याच्या राजकारणावर झाला. जिल्हा परिषदेचा अध्यक्ष, साखर कारखान्याचा चेअरमन, जिल्हा मध्यवर्ती बँकेचा संचालक, मग आमदार, मग उपमंत्री, अशी एक चढण तयार झाली. गावातल्या सोसायटीपासून सचिवालयापर्यंत पाऊलवाट पडली. जी रचना नाईकांनी महसूलमंत्री म्हणून आखली, तिच्यातून वर आलेली माणसेच पुढे त्यांच्या मंत्रिमंडळात बसली. ज्याने रस्ता बांधला त्यालाच त्या रस्त्यावरून येणाऱ्या गर्दीला जागा करून द्यावी लागली, असा हा योग.

ही गर्दी सामावण्याची सोय तेव्हाच्या व्यवस्थेत होती. राज्यघटनेच्या १६४ व्या कलमात मुख्यमंत्र्याची नेमणूक, त्याच्या सल्ल्याने इतर मंत्र्यांची नेमणूक आणि विधानसभेला असलेली सामूहिक जबाबदारी एवढे सांगितले होते. मंत्री किती असावेत याला मर्यादा नव्हती. ती २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने आली. आता सभागृहाच्या १५ टक्के, म्हणजे २८८ आमदारांच्या महाराष्ट्रात मुख्यमंत्र्यांसह ४३, हा आकडा ओलांडता येत नाही. नाईकांच्या काळात कॅबिनेट मंत्री, राज्यमंत्री आणि उपमंत्री अशा तीन पायऱ्या होत्या. उपमंत्रिपद ही उमेदवारी असे. तरुण आमदाराला फायली कशा वाचाव्यात, सभागृहात प्रश्नाला उत्तर कसे द्यावे, सचिवाशी कसे बोलावे हे तिथे शिकता येई. आजच्या महाराष्ट्रातून उपमंत्री नाहीसा झाला, आणि त्याबरोबर शिकण्याची एक इयत्ताच गेली.

त्या इयत्तेतून कोण कोण पुढे गेले हे पाहण्यासारखे आहे. १९६७ ते १९७२ या काळात जळगाव जिल्ह्यातल्या एक तरुण वकील आमदार उपमंत्री होत्या. १९७२ मध्ये त्या कॅबिनेट मंत्री झाल्या, आणि २००७ मध्ये भारताच्या राष्ट्रपती. त्या प्रतिभाताई पाटील. १९६७ साली बारामतीहून पहिल्यांदा निवडून आलेले शरद पवार १९७२ च्या मंत्रिमंडळात गृहखात्याचे राज्यमंत्री झाले, आणि सहा वर्षांनी, अडतिसाव्या वर्षी, मुख्यमंत्री. बॅरिस्टर अ. र. अंतुले राज्यमंत्री होते. पोलिसातली नोकरी सोडून करमाळ्याच्या पोटनिवडणुकीतून आलेले सुशीलकुमार शिंदे अगदी शेवटच्या काळात मंत्रिमंडळात आले. शंकरराव चव्हाण तर पहिल्यापासून होतेच, आणि वसंतदादा पाटील १९७२ मध्ये आले. म्हणजे नाईकांच्या हाताखालच्या मंत्र्यांतून पाच मुख्यमंत्री आणि एक राष्ट्रपती निघाले. ज्या मुख्यमंत्र्याने आपल्यापेक्षा उंच होऊ शकतील अशी माणसे जवळ ठेवली आणि त्यांना काम करू दिले, त्याला केवळ तडजोडीचा माणूस म्हणणे अन्यायाचे आहे.

वसंतदादांचे उदाहरण तर खास थांबून पाहावे असे. बेचाळीसच्या लढ्यात सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडलेला हा नेता अनेक वर्षे मंत्रिपदापासून दूर राहिला. कारखाना, बँक, पक्षसंघटना हे त्यांचे क्षेत्र. प्रदेश काँग्रेसची धुरा त्यांच्याकडे होती, त्यामुळे तिकीट कोणाला आणि मंत्रिपद कोणाला या दोन्ही प्रश्नांत त्यांचा शब्द चाले. बाहेरून मंत्री घडवणारा माणूस १९७२ मध्ये स्वतः आत आला आणि पाटबंधारे खात्याचा मंत्री झाला. त्याच यादीत शंकरराव चव्हाणही होते. दोघांचा स्वभाव, दोघांचे प्रदेश आणि दोघांच्या पाण्याच्या कल्पना वेगळ्या. नाईक होते तोवर दोघे एका टेबलाभोवती बसले. ते गेल्यावर वर्षभरात दोघांचे फाटले, आणि वसंतदादा मंत्रिपद सोडून सांगलीला परतले. नाईक काय करत होते, हे त्यांच्या नसण्याने कळले.

बाहेरून पाहणाऱ्याला या सगळ्यात एक सुस्त आरामशीरपणा दिसे. पाईप ओढणारे, नीटनेटक्या पोशाखातले, सगळ्यांचे ऐकून घेणारे मुख्यमंत्री. सभागृहात काँग्रेसचे बळही प्रचंड होते. १९६७ मध्ये २७० पैकी २०३ जागा, १९७२ मध्ये २२२. समोर शेकापचे कृष्णराव धुळप, उद्धवराव पाटील यांच्यासारखे अभ्यासू विरोधक होते. ते सरकारला घाम फोडत, पण पाडू शकत नसत. अशा बहुमतात खरा विरोध पक्षाच्या आतच असतो. म्हणून मंत्रिमंडळ बनवणे म्हणजे आतल्या विरोधाची व्यवस्था लावणे, हे नाईकांना उमगले होते. आणि पडद्यामागे यशवंतराव होते. ते दिल्लीत संरक्षण, गृह, अर्थ अशी खाती सांभाळत असले तरी महाराष्ट्रातली यादी त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय पक्की होत नसे, हे तेव्हा सगळ्यांना ठाऊक होते.

जिथे विभागांचा समतोल मंत्रिमंडळात साधावा लागतो, तिथे तो धोरणातही उतरतो. याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे कृषी विद्यापीठे. १९६५ मध्ये पुण्यात नाईकांनी जाहीर केले होते की दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर आपल्याला शनिवारवाड्यासमोर फाशी द्या. मुख्यमंत्र्याने असे बोलावे आणि मंत्रिमंडळाने ते निभवावे, अशी ती वेळ होती. अमेरिकेच्या गव्हावर देश जगत होता. संकरित बियाणे, विहिरी, पंपाला वीज, खते यांच्यावर जोर दिला गेला. त्याच ओघात कृषी विद्यापीठ हवे असे ठरले, आणि ते राहुरीला, म्हणजे पश्चिम महाराष्ट्रात, होणार असे दिसू लागताच विदर्भ पेटला. १९६७ च्या त्या आंदोलनात गोळीबार झाला, तरुण पोरे मेली. मुख्यमंत्री विदर्भाचा, अर्थमंत्री विदर्भाचा, आणि विदर्भातली मुले विद्यापीठासाठी रस्त्यावर मरतात, ही त्या कारकिर्दीवरची खोल जखम आहे. तिच्याबद्दल लिहिताना आजही लेखणी जड होते. शेवटी राहुरीला १९६८ मध्ये, अकोल्याला १९६९ मध्ये आणि परभणी व दापोलीला १९७२ मध्ये अशी चार विद्यापीठे झाली. चार विभाग, चार विद्यापीठे. पुढे दापोलीच्या विद्यापीठाला बाळासाहेब सावंतांचे नाव मिळाले, आणि परभणीच्या विद्यापीठाला २०१३ मध्ये वसंतराव नाईकांचे. शेतीमंत्र्याचे नाव कोकणात गेले, विदर्भाच्या मुख्यमंत्र्याचे मराठवाड्यात.

चार विद्यापीठे ही उधळपट्टी होती असे म्हणणारे तेव्हाही होते. पण कोकणातला भात आणि आंबा, मराठवाड्यातली ज्वारी, वऱ्हाडातला कापूस आणि नगरचा ऊस यांचा अभ्यास एकाच ठिकाणी बसून होणार नव्हता. राजकीय दडपणातून आलेला निर्णय शास्त्राच्या कसोटीलाही उतरला, असे क्वचित घडते.

मग १९७२ चा दुष्काळ आला. त्या मंत्रिमंडळाची खरी परीक्षा तीच. सलग पाऊस हुकला, विहिरी आटल्या, जनावरे बाजारात कवडीमोलाने गेली. सरकारने मागेल त्याला काम द्यायचे ठरवले. १९७३ च्या उन्हाळ्यात कामांवर राबणाऱ्यांची संख्या जवळपास ५० लाखांपर्यंत गेली होती. खडी फोडणे, पाझर तलाव, बांधबंदिस्ती, रस्ते, आणि दुपारी हातावर सुकडी. आज सत्तरीत असलेल्या माणसांना त्या सुकडीची चव आठवते. रोजगार हमीची मूळ कल्पना मात्र कोणा मंत्र्याची नव्हती. ती विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला होता. दुष्काळात मंत्रिमंडळाने ती उचलून धरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि पुढे देशभरच्या रोजगार हमीला तिचा आधार मिळाला. दुसऱ्याच्या डोक्यातली चांगली कल्पना आपली मानून तिच्यामागे सरकार उभे करणे हाही मंत्रिमंडळाचा गुण असतो, आणि तो नाईकांच्या मंत्रिमंडळात होता. मुंबईत मात्र त्याच वर्षी महागाईविरुद्ध मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. मंत्रिमंडळात स्त्रिया बोटांवर मोजण्याएवढ्या, आणि रस्त्यावर हजारो. ही तफावत त्या यादीकडे पाहताना विसरता कामा नये.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये, आणि ती जास्त टोचणारी आहे. मंत्रिमंडळात विदर्भ होता, मराठवाडा होता, कोकण होते. तरीही १९८४ मध्ये वि. म. दांडेकर समितीने विकासाच्या अनुशेषाचा हिशेब मांडला तेव्हा तो ३,१८६ कोटी रुपयांचा निघाला, आणि त्याचा मोठा वाटा विदर्भ आणि मराठवाड्याचा होता. तो सगळा नाईकांच्या काळात साचला असे म्हणता येणार नाही. त्यांच्यानंतरची नऊ वर्षेही त्यात आहेत. पण अकरा वर्षे विदर्भाचा मुख्यमंत्री असताना, बारा वर्षे मराठवाड्याचा माणूस पाटबंधारे खात्यात असताना पाणी आणि पैसा मुख्यतः कुठे गेला, हा प्रश्न विचारावाच लागतो. उत्तराचा एक धागा वर आलेल्या चढणीतच आहे. जिथे कारखाने, बँका आणि संस्था आधीपासून भक्कम होत्या, तिथल्या आमदाराला योजना ओढून नेता येत होती. जिथे त्या नव्हत्या, तिथला मंत्रीसुद्धा एकटा पडत होता. खुर्ची मिळाली, पण खुर्चीमागे उभी राहणारी यंत्रणा मिळाली नाही. नाईकांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना चाहते हा भाग वगळतात आणि टीकाकार फक्त हाच भाग वाचतात. दोन्ही वाचने अपुरी आहेत.

शेवट दिल्लीतून झाला. १९६९ च्या फुटीनंतर इंदिरा गांधींच्या काँग्रेसमध्ये राज्यातले बळकट नेतृत्व ही गुणाऐवजी शंकेची बाब ठरू लागली होती. दुष्काळ, महागाई, मुंबईतला असंतोष, पक्षातले नाराज गट ही कारणे जमली होतीच. २० फेब्रुवारी १९७५ रोजी नाईक पायउतार झाले आणि दुसऱ्या दिवशी शंकरराव चव्हाणांनी शपथ घेतली. त्याच वर्षी शंकररावांनी सचिवालयाचे नाव बदलून 'मंत्रालय' केले. राज्य सचिवांचे नाही, लोकांनी निवडलेल्या मंत्र्यांचे आहे, हे त्यांना सांगायचे होते. अकरा वर्षे ज्या इमारतीत नाईकांचे मंत्री बसले तिला मंत्र्यांचे नाव मिळाले ते नाईक गेल्यावर.

पुढच्या पानांकडे वळणाऱ्या वाचकाने १९६३, १९६७ आणि १९७२ या तीन याद्या शेजारी ठेवून वाचाव्यात. कोण राहिले, कोणाला डच्चू मिळाला, कोणाचे खाते बदलले, कोणत्या जिल्ह्याचे नाव पहिल्यांदा आले, याच्या खुणा करत जावे. त्या खुणांतून महाराष्ट्राचे सत्तेचे वाटप डोळ्यांसमोर उभे राहते. विधिमंडळाच्या कामकाजाचे छापील खंड उपलब्ध आहेत, काही नेत्यांची आत्मचरित्रे आहेत. पण मंत्री गोपनीयतेची शपथ घेतो, आणि बंद दाराआड काय बोलले गेले त्याची नोंद सामान्य अभ्यासकाच्या हाती लागत नाही. त्यात २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली, पाच माणसे मेली, आणि असंख्य फायली जळाल्या.

म्हणून एक विनंती आहे. त्या अकरा वर्षांत मंत्री, राज्यमंत्री, उपमंत्री किंवा त्यांचे स्वीय सहायक राहिलेल्या माणसांची घरे पुसदपासून पाटणपर्यंत आणि नांदेडपासून वसईपर्यंत पसरलेली आहेत. त्या घरांच्या माळ्यांवर जुन्या ट्रंका असतील. त्यांत पत्रे, दौऱ्यांच्या डायऱ्या, हाताने लिहिलेल्या टिपणी, छायाचित्रे असतील. वाळवीने खाण्याआधी ती बाहेर काढा, आणि राज्याच्या पुराभिलेखागारात किंवा जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात नेऊन द्या.